सुमनबाईंची हरकत

"भंडाऱ्याला चाललेय," असं मी जिन्यात सांगितलं, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठल्या देवळात?" आमच्या पुण्याकडे भंडारा म्हणजे एकतर जेजुरीची हळद, नाहीतर पंगत. तो राज्याच्या पूर्व टोकाचा एक जिल्हा आहे आणि मला तिथे जेवायला नव्हे तर कामाला जायचंय, हे कळल्यावर काकूंचा रस संपला.

काम दुभाष्याचं होतं. परदेशातला एक मोठा आरोग्य निधी भंडारा जिल्ह्यात हत्तीपायाच्या रोगावर काही वर्षं खर्च करत होता. हा रोग डासांमुळे होतो. पाय सुजत सुजत खांबासारखा होतो आणि अशी सूज सहसा पुरती उतरत नाही. पण पाय रोज नीट धुतला, कोरडा केला, मलम लावलं, व्यायाम केला तर तापाचे झटके थांबतात आणि माणूस हिंडूफिरू शकतो. हे शिकवायला निधीने सानगडीच्या बाजूला एका खोलीत नर्स बसवली होती. तिथे टब, मग, साबण, मलम मिळायचं. लोक त्या खोलीला 'पायदवाखाना' म्हणत.

आता नवे रोगी फारसे सापडत नव्हते, म्हणून पायदवाखाना बंद करावा असं निधीच्या मनात होतं. पण निधी लोकशाही मानणारा. त्याच्या संचालक मंडळात एक खुर्ची खास रोग भोगणाऱ्या लोकांसाठी राखीव होती. ती देशोदेशी फिरायची आणि फिरत फिरत यंदा भंडारा जिल्ह्यात आली होती. त्या खुर्चीचं म्हणणं ऐकायचं, मग दवाखाना बंद करायचा, म्हणजे कुणी नावं ठेवायला नको, असा बेत होता.

नागपूरहून पूर्वेकडे

नागपूरच्या विमानतळावर दोघं भेटली. मार्था निधीच्या मुख्य कचेरीतली, उंच, उन्हाने नाक लाल झालेली आणि शांत. भटनागर दिल्लीचे सल्लागार. गाडी सुरू झाल्यापासून ते मला शब्द शिकवू लागले. 'रोगी' म्हणायचं नाही, 'जगलेला अनुभव असलेली व्यक्ती' म्हणायचं. मी विचारलं की न जगलेला अनुभव कसा असतो. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं, त्यामुळे माझीच पंचाईत झाली. 'दवाखाना बंद होणार' असंही म्हणायचं नाही. म्हणायचं, 'दवाखान्याचं संक्रमण होणार'.

जवाहरनगरच्या फाट्यावर दारूगोळा कारखान्याच्या बसगाड्यांची रांग लागली होती. शिफ्ट सुटली होती आणि माणसं डबे हलवत उतरत होती. पुढे वैनगंगा लागली. दिवाळी नुकतीच झाली होती. दोन्हीकडे धान कापून पडलेलं आणि बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या त्या छोट्या छोट्या वाफ्यांमधून, पाणी ओसरून गेलेलं. आमच्याकडे रान म्हणजे ऊस नाहीतर माळ. इथे दर थोड्या अंतरावर तळं दिसे. मार्था म्हणाली, तिचं शहरही तळ्याकाठी आहे. भटनागरांनी तेही टिपून घेतलं.

साकोलीत जेवायला थांबलो. भाजी तिखट लागेल या भीतीने मार्थाने वरणभात मागितला. वाढपी म्हणाला, "सांबार टाकू का वरून?" वरणावर सांबार कशाला, असं मनात म्हणत मी मार्थाच्या वतीने ठाम नकार दिला. मग बाकीच्यांच्या वरणावर हिरवीगार कोथिंबीर पडली आणि मार्थाचं ताट तेवढं पिवळं राहिलं. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे दुभाष्याला तिथे कळलं. भटनागरांनी माझ्याकडे जरा साशंकपणे पाहिलं.

गावात

गावाच्या तोंडाशी एक भलामोठा फ्लेक्स होता. मंडईचा हंगाम, गावोगावी जत्रा आणि नाटकं, त्यामुळे सगळे फ्लेक्स एकाच छापखान्यात झालेले. याच्यावरही मागे लाल-निळे झोत, कोपऱ्यात कबुतरं, आणि मधोमध करड्या केसांची एक बाई, हातात निळा टब, चेहऱ्यावर कुणीतरी अचानक हाक मारल्याचा भाव. खाली अक्षरं: 'समुदाय देखरेख समितीच्या अध्यक्षा मा. सुमनबाई यांच्यातर्फे पाहुण्यांचे हार्दिक स्वागत'.

"अध्यक्षा कुठे आहेत?" मार्थाने विचारलं.

आम्हाला घ्यायला चेतन आला होता. निधीचे पैसे ज्या स्थानिक संस्थेमार्फत खर्च होत, तिचा हा समन्वयक. चाळिशीचा, केस विरळ, अंगात संस्थेचं जाकीट. तो म्हणाला की अध्यक्षा सानगडीच्या बाजारात आहेत. सभा दुपारी होती. सभेच्या दिवशी अध्यक्षा बाजारात कशा, असं भटनागरांनी विचारल्यावर तो जाकिटाची चेन वरखाली करू लागला आणि त्याच्याबद्दल मला जिव्हाळा वाटला.

आम्ही सानगडीला गेलो. सुमनबाई मासे विकत होत्या. टोपलीत झिंगे, एका घमेल्यात अजून हलणारी मरळ. डावा पाय लुगड्याखाली झाकलेला, पण सूज लपत नव्हती. मी ओळख करून दिली: हे निधीचे लोक, तुमच्या समितीच्या सभेला आले आहेत.

"कोनती समिती?" त्यांनी विचारलं.

मी मार्थाला भाषांतर करून सांगितलं. माझ्या कामात शब्द गाळायची मुभा नाही.

मग चेतनकडून हळूहळू सगळं निघालं. निधीचा नियम होता की प्रत्येक जिल्ह्यात रोग भोगणाऱ्यांची समिती हवी. संस्थेला वरून घाई होती. टब वाटले तेव्हा सुमनबाईंचा फोटो चांगला आला, म्हणून त्या अध्यक्ष झाल्या. पुढे समितीच्या सभा नेमाने होत राहिल्या, कागदावर. समितीचं काम इतकं सुरळीत होतं, की खुर्ची भंडाऱ्याला मिळाली ती त्याच्याच जोरावर.

मार्थाचा चेहरा नाकासारखाच लाल झाला. भटनागर म्हणाले, याला 'सहभागातली तफावत' म्हणतात. सुमनबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी एका गिऱ्हाइकाला झिंगे बांधून दिले, हात पुसले आणि मला विचारलं की अध्यक्षाला करायचं काय असतं. मी सांगितलं, सभा बोलवायची, लोकांचं ऐकायचं, आणि परवा भंडाऱ्याला पडद्यावर साऱ्या जगाच्या साहेबांशी बोलायचं. त्या ग्रामपंचायतीला एकदा उभ्या राहून पडल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की त्यांची पाठ जराशी ताठ झाली.

"मंग आजची सभा रद्द," त्या म्हणाल्या. "मी बोलावली नाही ते सभा कशी? उद्या सकाळी घ्या, तळ्याच्या पाळीवर. जाळं निघते तवा सारे तिथंच राहतेत."

आणि घमेल्यातली मरळ त्यांनी मार्थाला विकली. भाव न सांगता आधी मासा हातात द्यायचा, ही युक्ती आमच्या पुण्याच्या भाजीमंडईतही चालते, पण मासा हलता नसतो. मार्थाच्या हातून ती सुटली आणि शुद्ध शाकाहारी भटनागरांच्या बुटांवर पडली.

तळ्याची पाळ

सकाळी पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, खरंच गाव होतं. तळ्यात डोंगे, म्हणजे लहान होड्या होत्या, पुरुष छातीभर पाण्यात जाळं ओढत होते, बाया काठावर मासे निवडत होत्या. हे ढिवर लोक, पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगणारे. सुमनबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी कुठूनतरी प्लास्टिकची एक खुर्ची आणवली होती. त्यावर त्या स्वतः बसल्या आणि पाहुण्यांना सतरंजी दाखवली.

भटनागरांनी रंगीत कागदाचे चिकट तुकडे वाटले. प्रत्येकीने आपली आशा एका तुकड्यावर लिहायची आणि ती पाटीवर काढलेल्या झाडाला पान म्हणून चिकटवायची. वारा होता. बऱ्याचशा आशा तळ्यात गेल्या. बाया त्या जाळ्याने काढू लागल्या आणि सभेत पहिल्यांदा हशा पिकला.

मग मार्थाने फोनवर आपल्या शहराचं तळं दाखवलं, निळंशार, मागे बर्फाचे डोंगर. फोन हातोहात फिरला. सुमनबाईंनी तो लांब धरून नीट पाहिला आणि विचारलं, "या तळ्याचा ठेका कोनाकडे हाय?"

मार्थाला प्रश्न कळेना. मी समजावलं की इथे तळ्यात मासे धरायचे तर मच्छीमार सोसायटीला ठेका घ्यावा लागतो. त्यावरून गावात माणसं आयुष्यभर भांडतात. मार्था म्हणाली, तिला माहीत नाही, तिने कधी विचारलंच नाही. बायांना तिची दया आली. इतकं मोठं तळं, आणि मासे कोण नेतं याचा पत्ता नाही.

शेवटी भटनागर मुद्द्यावर आले. हिंदीतच म्हणाले, कारण तिथे हिंदी सगळ्यांना कळते. ते म्हणाले की निधीचं उद्दिष्ट पूर्ण होत आलंय, आता पायदवाखान्याचं संक्रमण होईल.

पाळीवर बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. हिंदीत संक्रमण म्हणजे रोगाची लागण. एक म्हातारी काळजीने म्हणाली, "दवाखान्यालेच रोग लागला का?"

भटनागर माझ्याकडे पाहू लागले. मी सरळ सांगितलं, "दवाखाना बंद होणार आहे."

आरडाओरडा झाला नाही. बाया परत मासे निवडू लागल्या. सुमनबाईंनी विचारलं की नवे रोगी नाहीत हे चांगलंच, पण जुने आहेत त्यांचं काय. भटनागर म्हणाले, त्यांना आता पाय धुवायला शिकवून झालंय. त्यावर सुमनबाई खुर्चीवरून उठल्या आणि मला म्हणाल्या की माझ्यासोबत एका घरी चल.

कौतिकाबाईंच्या अंगणात

घर त्यांच्या धाकट्या जावेचं, कौतिकाबाईंचं होतं. सुमनबाई कुंपणाशीच थांबल्या. "तू जा. आमी बोलत नाही," त्यांनी कारण दिलं. तळ्यातल्या वाट्यावरून भांडण झालं होतं आणि तेव्हापासून दोघींमध्ये अबोला होता.

कौतिकाबाई टबात पाय ठेवून बसल्या होत्या. तो पाय पाहून मी नजर वळवली, मग लाज वाटून परत पाहिलं. गुडघ्यापासून खाली घड्यांवर घड्या, आणि त्या प्रत्येक घडीत बोट घालून त्या साबण लावत होत्या, पाणी ओतत होत्या, फडक्याने टिपून घेत होत्या. मला त्यांनी बसायला पोतं दिलं आणि मी न विचारताच सांगत गेल्या. पूर्वी ताप यायचा, पायाला घाण वास यायचा. लग्नाकार्याला कोणी जवळ बसत नसे, म्हणून त्यांनी जाणंच सोडलं. भाऊबीजेला भाऊ यायचा तर त्याला दारातूनच ओवाळायच्या. पायदवाखान्यातली सिस्टर आधी घरी यायची. तिने स्वतः खाली बसून त्यांचा पाय धुतला. "माझ्या मायनंतर माझ्या पायाले कोनी हात लावला नोता," त्या म्हणाल्या. आता ताप येत नाही. मोठ्या मापाच्या चपला मिळाल्यात. यंदाच्या मंडईत त्या पाळण्यात बसून आल्या.

मी विचारलं, दवाखाना बंद झाला तर घरी धुता येईल ना? त्या म्हणाल्या, धुवीन की, पण जखम झाली, पाय लाल झाला, तर पाहील कोण? मागे घडीत चीर पडली ती सिस्टरच्याच ध्यानात आली. आपल्याला आपलं तळपाऊल दिसत नाही.

बाहेर आले तर सुमनबाई कुंपणाला टेकून तिथेच उभ्या होत्या. "काय म्हने?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या कुंपणापासून अंगण चार पावलांवर होतं. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, तरी माझ्याकडून परत ऐकलं.

भंडारा

जिल्ह्याच्या गावी एका हॉटेलातली सभेची खोली घेतली होती. पडदा, कॅमेरा, बिस्किटं, आणि एसी इतका गार की सुमनबाईंनी पदर कानांवरून घेतला. भटनागरांनी त्यांच्यासाठी दोन मिनिटांचं भाषण तयार केलं होतं. त्यात धन्यवाद होते, प्रवास होता, सक्षम झाल्याची भावना होती. मला बाजूला घेऊन ते म्हणाले की त्या काही वेगळं बोलल्या तर भावार्थ सांगा, शब्दार्थ नको. पुढच्या सगळ्या दौऱ्यांचं काम माझ्याकडेच देण्याचा विचार आहे, असंही म्हणाले. मी मान हलवली. होकार की नकार, हे दोघांनाही कळू नये अशी.

पडद्यावर चौकोनाचौकोनांतून जग उगवलं. अध्यक्ष म्हणून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. सुमनबाईंनी भाषण चांगलं म्हटलं. टाळ्या वाजल्या. एका चौकोनातल्या बाईंनी डोळे पुसले. मग आमचा आवाज बंद करण्यात आला आणि मंडळ बाकीच्या विषयांकडे वळलं. विषय झरझर मंजूर होत होते. अध्यक्ष प्रत्येकाचं नाव घेऊन विचारायचे, "कुणाची हरकत?", आणि श्वासभर थांबून पुढे जायचे. मौनं सर्वार्थसाधनम्, हे सुभाषित त्या मंडळाने मनावर घेतलं होतं. मी सुमनबाईंच्या कानाशी सगळं मराठीत सांगत होते.

"आता तुमचा दवाखाना आला," मी म्हटलं. "ते विचारताहेत, कुणाची हरकत?"

"हाय," सुमनबाई म्हणाल्या.

आवाज बंद होता. पडद्यावर कुणाला काही ऐकू गेलं नाही. अध्यक्षांनी मान खाली घातली, पुढचा विषय घ्यायला. भटनागर हसून सुमनबाईंना हाताने 'झालं, झालं' असं सांगत होते. माईकचं बटण चेतनसमोर होतं. त्याने एकदा भटनागरांकडे पाहिलं, मग सुमनबाईंकडे, आणि बटण दाबलं. दवाखाना बंद होण्याबरोबर त्याची नोकरी जाणार होती. पण दवाखाना बंद होणं अडवणाऱ्याचीही जाणारच होती, म्हणून त्याला यात फायदा दिसला असं म्हणता येणार नाही.

"हरकत हाय," सुमनबाई पुन्हा म्हणाल्या.

आमच्या धंद्यात 'त्या म्हणतात की' असं सांगायचं नसतं. बोलणाऱ्याचा 'मी' तो दुभाष्याचा 'मी'. इतकी वर्षं मंत्र्यांच्या, साहेबांच्या, कंपनीवाल्यांच्या तोंडचं मी बोलत आले. त्या दिवशी इंग्रजीत म्हटलं, "माझी हरकत आहे."

चौकोनांमधली माणसं एकदम माणसांसारखी दिसू लागली. कुणी चष्मा काढला, कुणी कागद शोधला. अध्यक्षांनी अत्यंत नम्रपणे कारण विचारलं. विदर्भातल्या बाया स्वतःबद्दल बोलताना 'करतो, जातो' असंच म्हणतात. मला ते ऐकून पहिल्या दिवशी गंमत वाटली होती. त्या खोलीत वाटली नाही.

"मी मासे विकतो," सुमनबाई म्हणाल्या. "मले न विचारता तुमी अध्यक्ष केलं. जाऊ द्या, झालो. आता अध्यक्षाले न विचारता दवाखाना बंद काहून करून राहिले? माझी जाऊ हाय, कौतिका. ते माझ्याशी बोलत नाही. पन आता ते चालते, बाजाराले येते, मंडईले जाते. तुमी दवाखाना बंद केला त ते परत घरात बसन. मंग मी भांडू कोनाशी?"

मी शब्दार्थच सांगितला. शेवटच्या वाक्यावर आवाज जरा हलला, त्याबद्दल दुभाष्याने क्षमा मागायची असते. मी मागितली नाही.

पडद्यावर बराच वेळ कुजबुज चालली. मग एका चौकोनातल्या कायदेतज्ज्ञाने सांगितलं की नियमाप्रमाणे कुठल्याही खुर्चीने हरकत घेतली तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबवावा लागतो, आणि तोवर खर्च चालू ठेवावा लागतो. अध्यक्षांनी विचारलं, हा नियम पूर्वी कधी वापरला गेलाय का. कधीच नाही, असं उत्तर आलं. विषय थांबला.

भटनागरांनी बिस्किट तोडलं आणि न खाता बशीत ठेवलं. मार्था बाहेर व्हरांड्यात गेली. मी मागोमाग गेले. तिने सांगितलं की खुर्चीचा तो नियम लिहिणाऱ्यांत ती होती. लिहिला तेव्हा वाटलं होतं, लोक तो वापरतील. मग बरीच वर्षं गेली आणि हे वाटणंही विसरायला झालं. ती हसत होती की रडत होती, हे नाक आधीच लाल असल्याने सांगता येत नव्हतं.

परतल्यावर

पुण्यात आल्यावर निधीचं वार्तापत्र आलं. पहिल्या पानावर सुमनबाईंचा फोटो, तोच टब घेतलेला, आणि खाली लिहिलेलं की समुदायाचा आवाज हा आमच्या कारभाराचा कणा आहे. आतल्या पानावर एक छोटी सूचना होती: यापुढे हरकती सभेच्या आधी, लेखी आणि निधीच्या अधिकृत भाषांपैकी एकीत द्याव्यात. सुमनबाईंची झाडीबोली त्यांत नाही. मला निधीकडून परत बोलावणं आलेलं नाही. भटनागर सध्या दुसऱ्या एका देशात सहभागावर काम करताहेत. चेतनची नोकरी गेली. तो लाखनीला मोबाईलचं दुकान चालवतो आणि बरं चाललंय म्हणतो. पायदवाखाना मात्र हे लिहीपर्यंत उघडा आहे. पुढच्या सभेत काय होईल ते कुणाला माहीत नाही.

मध्यंतरी सुमनबाईंचा फोन आला. समितीची सभा झाली, खरीखुरी, पाळीवर. कौतिकाबाई उभ्या राहिल्या आणि गावापुढे म्हणाल्या, हिला अध्यक्ष कोणी केलं? फोटोने. मग मतदान घ्या. भांडण झालं, मतदान झालं. कौतिकाबाई निवडून आल्या, सुमनबाई पुन्हा एकदा पडल्या.

मला वाईट वाटलं, तसं मी म्हटलं.

"वाईट कायले?" त्या म्हणाल्या. "आता ते अध्यक्ष हाय. मी रोज सकाळी तिच्या अंगनात जातो अन्‌ इचारतो, दवाखान्याचं काय केलं सांग. तिले बोलावंच लागते."